मोऱ्याच्या धुक्यात भिजलेला रोल

गुरुवारी दुपारी चांगुणा मावशींचा फोन आला, तेव्हा मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात पितळी व्हॉल्व्हचे फोटो काढत होते. एकशे चाळीस व्हॉल्व्ह, प्रत्येकाचे तीन अँगल, मागे पांढरा कागद. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"वैशाली, होडी विकली गं," मावशी म्हणाल्या. "सोमवारी करंज्याचा मानूस येनार न्यायला. तुला काय फोटू काडायचे ते रविवारपर्यंत काड."

माझ्या हातातला व्हॉल्व्ह तसाच राहिला. शनिवारी संध्याकाळी ऐरोलीत एक साखरपुडा होता. तो मी माझ्या एका मित्राकडे सोपवला, नवऱ्या मुलीच्या आईची पाच मिनिटं बोलणी खाल्ली आणि मावशींच्या गावी, उरणजवळच्या मोऱ्याला जायचं ठरवलं.

मावशी आणि हिराजी काकांची ओळख आधी करून देते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. हळदीच्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं आणि नवरीचे आईवडीलच गायब. नवरी म्हणाली, "होडीवर गेलेत. हळद अकराला हाय, तोवर येतील." आणि खरंच आले, दोघंही ओले, हातात कोळंबीची टोपली. काकांच्या भावाने मासेमारी सोडली तेव्हा जोडीला माणूस मिळेना, म्हणून मावशी होडीत चढल्या, त्याला चौदा वर्षं झाली. खाडीच्या तोंडाशी नवरा-बायको मिळून जाळं ओढतात, असं दृश्य मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. तेव्हापासून त्यांच्यावर एक फोटोमालिका करायची डोक्यात होती. दोन वर्षं लग्नं, बारशी, व्हॉल्व्ह आणि सोसायट्यांचे गणपती यांतून वेळ काढता काढता होडीच विकली गेली.

मालिका फिल्मवरच करायची, हेही पक्कं होतं. पोटापाण्याचं सगळं काम मी डिजिटलवर करते. पण पनवेलचा एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथून घेतलेला, बॅटरीशिवाय चालणारा फिल्मचा कॅमेरा माझ्याकडे आहे आणि महिन्याला एखाददुसरा ब्लॅक अँड व्हाइट रोल मी स्वतःसाठी काढते, घरीच धुते. छत्तीस फोटो. मागे पडदा नाही, त्यामुळे काढलेला फोटो बघता येत नाही आणि समोरच्या माणसाकडेच बघत राहावं लागतं. लग्नात दिवसाला तीन हजार फोटो काढणाऱ्या बाईला ही चैन वाटते, ती इतरांना समजावणं कठीण आहे. माझा नवरा नितीन एवढंच विचारतो, "बाथरूम कधी मोकळं होणार?"

शनिवार

कोपरखैरण्याहून दुपारी एकला स्कूटर काढली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता: पाम बीच रोडने सीवूड्सपर्यंत सुखात, पुढे बेलापूरचं किल्ला जंक्शन, तिथून उलव्याकडे आणि गव्हाण फाट्यावरून उरण. शेवटच्या टप्प्यात बंदराचे कंटेनर ट्रेलर दोन्ही बाजूंनी जातात. दुचाकीवाल्यांनी डावी बाजू सोडू नये आणि ट्रेलरच्या मागच्या चाकाशेजारी चुकूनही रेंगाळू नये. घाबरट असाल तर सीवूड्सहून उरणची गाडी पकडा, स्टेशनबाहेर मोऱ्यासाठी रिक्षा मिळतात. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून लाँच आहे. मात्र मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या गाळामुळे ती मध्येच थांबते, म्हणून वेळ विचारून निघा. उरण बाजारात एका खानावळीत बांगडा थाळी खाल्ली. सोलकढी दोनदा मागितली, दोनदा मिळाली.

मोऱ्याला पोचले तर काका धक्क्याजवळ जाळ्याच्या ढिगावर बसून फाटका भाग शिवत होते. चौसष्ट वर्षांचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस.

"विकनार ते विकनार, मग जाळं कशाला शिवताय?" मी त्यांच्यासारखंच बोलायचा प्रयत्न करत विचारलं.

"फाटका कसा देनार?" ते मान वर न करता म्हणाले.

पहिला फोटो तिथेच काढला. संध्याकाळपर्यंत सोळा झाले. मावशी टोपली धुताना, काकांचे सुजलेले गुडघे, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उडालेला निळा रंग. रात्री त्यांच्याकडेच मुक्काम. जेवताना मावशींनी होडी विकण्याचं कारण सांगितलं. काकांचे गुडघे आता धरत नाहीत, जवळच्या पाण्यात मासळी उरली नाही आणि लांब जायला ही होडी लहान. मुलगा बंदरात क्रेनवर आहे, त्याला समुद्र नको. मावशी हे सगळं भात वाढता वाढता सांगत होत्या. काका उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

रविवार

पहाटे पाचला निघालो. हिवाळ्याची थंडी, ओहोटीचं पाणी. काकांनी मला नारिंगी लाइफ जॅकेट घालायला लावलं. दोघांनी स्वतः मात्र घातली नाहीत.

त्यांचं जाळं मोठ्या जहाजांच्या वाटेच्या अलीकडे, पाण्यात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं होतं. उजाडताना दोघांनी ते ओढायला सुरुवात केली. चौदा वर्षांत त्यांना बोलायची गरज उरली नव्हती. काकांनी नुसता श्वास घेतला की मावशी पुढचा पीळ धरत. मांदेली, थोडा जवळा, एक मोठा जिताडा. मी होडीच्या मधल्या फळीवर गुडघे टेकून फोटो काढत होते आणि मोजत होते. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

"चला," काका म्हणाले. "निघू."

तेव्हाच मला ते दिसलं. घारापुरीच्या बाजूने पाण्यावरून धुकं सरकत येत होतं, सपाट आणि पांढरं, मागे सूर्य. मावशी नाळेपाशी उभ्या राहून दोर गुंडाळत होत्या आणि त्यांच्याभोवतीचा उजेड हळूहळू दुधासारखा होत चालला होता. असा उजेड मला वीस वर्षांच्या धंद्यात दोनदा किंवा तीनदा मिळाला असेल.

"काका, पाच मिनिटं थांबता का?" मी म्हणाले. "फक्त पाच."

काकांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी धुक्याकडे बघितलं. मग काका म्हणाले, "काड. पन बिगीनं."

पाच मिनिटांची किती झाली ते मला माहीत नाही. मी सहा फोटो काढले. प्रत्येक वेळी वाटत होतं, आणखी थोडं जवळ येऊ दे. खुंटाचा दोर आधीच सोडला होता, त्यामुळे होडी ओहोटीबरोबर वाहत होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं. काकांना कळत असणार. ते बोलले नाहीत.

धुकं आलं ते अंगावरच आलं. मावशी माझ्यापासून आठ फुटांवर होत्या, त्यांचा चेहरा पुसट झाला. काकांनी इंजिन चालू केलं. ते दोनदा घरघरलं, खालून कसलातरी दबका आवाज आला आणि बंद पडलं.

"पंख्यात काय तरी गेलं," काका म्हणाले. मागे वाकून पाण्यात हात घातला. "जालं हाय. कोनीतरी टाकलेलं. पलास्टिक पन हाय."

मी मोबाइल काढला. नकाशावर आमचा निळा ठिपका हळूहळू सरकत होता, मोऱ्यापासून लांब.

"मावशी, आपण वाहतोय."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी दिराला फोन लावला. पलीकडून त्याचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. येतो, पण या धुक्यात शोधू कसा, आवाज करत राहा. मावशींनी तेलाचा रिकामा डबा घेतला आणि त्यावर लाकडाने बडवायला सुरुवात केली.

त्याच वेळी भोंगा वाजला. लांब, जाड, छातीत घुमणारा. नेमका कुठल्या दिशेने आला, ते सांगता येईना. काकांनी हात पाण्यातून काढला आणि ऐकत राहिले. मिनिटाभराने पुन्हा वाजला. या वेळी जवळून.

"मोठं हाय," ते म्हणाले. "आत येतंय."

मला सुचलं ते मी केलं. बॅगेतून फ्लॅश काढला आणि धुक्यात मारायला लागले. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी आमच्याभोवती पांढरी भिंत पेटायची.

"बंद कर ते!" मावशी ओरडल्या. "आमालाच काय दिसत नाय!"

मी बंद केला. डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत होते. आणि त्या ठिपक्यांतूनच मी काकांना मागे कोसळताना पाहिलं. पंख्यातलं जाळं कापताना सुरी सटकली होती. डाव्या हाताची दोन बोटं खोलवर कापली होती आणि रक्त फळीवर पडत होतं. ती सुरी माझ्या फ्लॅशमुळे सटकली का, हे मी काकांना अजून विचारलेलं नाही.

मावशींनी डोक्याचा स्कार्फ काढून त्यांच्या हाताला घट्ट बांधला. मग कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्याकडे दिलं. "पाठीमागून घे. पाय तिथं लाव. मी वोडला तरी सोडू नको."

"मावशी, जॅकेट घाला."

"ते घालून खाली जाता येत नाय," म्हणाल्या, आणि सुरी दातात धरून पाण्यात उतरल्या.

दोर माझ्या पाठीत रुतला. काका उजव्या हाताने डबा वाजवत होते. मावशींचं डोकं होडीच्या मागे वर यायचं, श्वास घ्यायचं, खाली जायचं. भोंगा पुन्हा वाजला आणि त्याच्याबरोबर आता इंजिनांची धडधडही येत होती, पाण्यातून, होडीच्या लाकडातून, माझ्या तळपायांतून. मी मोजायला लागले. मावशी खाली गेल्या की एक, दोन, तीन. अकरापर्यंत गेले तेव्हा त्या वर आल्या. पुढच्या वेळी चौदा.

पहिली लाट आली तेव्हा होडी कलंडली. खांद्यावरचा कॅमेरा घसरला, कोपरात अडकला आणि पट्टा सुटायला लागला. हात जरा सैल केला असता तर तो धरता आला असता. तो तळाच्या पाण्यात पडला, मासळीच्या आणि रक्ताच्या पाण्यात, आणि फळीखाली सरकला. मी त्याच्याकडे पाहिलं, हे खरं आहे. दोर सोडला नाही, हेही खरं आहे.

जहाज मला दिसलं ते धुक्यातल्या एका काळोखासारखं. वर बघितलं तरी टोक दिसत नव्हतं. किती लांबून गेलं, ते मी सांगू शकत नाही. काका नंतर म्हणाले, बरंच लांब होतं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. त्याच्या मागच्या दोन लाटांनी होडी पाण्याने अर्धी भरली.

मग मावशींचा हात होडीच्या काठावर आला. हातात काळ्या जाळ्याचा गुंता होता. काकांनी एका हाताने आणि मी दोन्ही हातांनी त्यांना वर ओढलं. त्या थरथरत होत्या, ओठ निळे पडले होते. त्यांनी पहिलं वाक्य काकांना उद्देशून म्हटलं.

"अवो, चालू करा ना. काय बघता?"

इंजिन चालू झालं. मी मोबाइलवरचा निळा ठिपका बघून डावीकडे, उजवीकडे सांगत होते आणि काका माझं ऐकून, पण बहुतेक स्वतःच्या कानांवरच भरवसा ठेवून होडी नेत होते. मोऱ्याचा धक्का अगदी समोर आल्यावरच दिसला. दीर दुसऱ्या कुणाच्या तरी होडीत चढतच होता. त्याने काकांना रिक्षात घातलं आणि उरणला दवाखान्यात नेलं. सात टाके पडले.

मी धक्क्यावर बसून राहिले. हात उघडत नव्हते. कोरडं लुगडं नेसून मावशी परत आल्या, त्या थेट होडीत उतरल्या आणि फळीखालून माझा कॅमेरा काढून घेऊन आल्या. त्यातून पाणी गळत होतं.

"मेला काय?"

"कॅमेरा मेला," मी म्हणाले. "आतली फिल्म माहीत नाही."

फिल्म काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. खाऱ्या पाण्यात भिजलेला रोल वाळू द्यायचा नाही. वाळला की थर एकमेकांना चिकटतात आणि सगळं जातं. तो गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि त्याच दिवशी धुवायचा. मी खटका दाबून रोल हळूहळू मागे गुंडाळला. आत मीठ करकरत होतं. मावशींनी भाकरीचा स्टीलचा डबा घासून दिला, पिण्याच्या पाण्याने भरला. रोल त्यात टाकला, झाकण लावून फडक्याने बांधला.

डबा पायांमध्ये ठेवून मी ट्रेलरच्या त्याच रस्त्याने परत आले. खड्डा आला की पाय आवळायचे. उलव्याजवळ ट्रॅफिक तुंबलं होतं, तिथे अर्धा तास उन्हात उभी होते आणि डब्याला हात लावून बघत होते, गरम झाला का.

घरी

कोपरखैरण्याला साडेबारा वाजता पोचले. नितीन दार उघडून माझ्या कपड्यांकडे बघत राहिला.

"रक्त कुणाचं?"

"काकांचं. बरे आहेत. मला आधी बाथरूम पाहिजे."

दाराखाली टॉवेल, फटीला चिकटपट्टी, दिवा बंद. ओली फिल्म अंधारात धुण्याच्या टाकीतल्या रिळावर चढवणं काय असतं, ते केल्याशिवाय कळणार नाही. ती बोटांना चिकटते, वाकते, नखाने ओरखडली जाते. मी बादलीतल्या पाण्यातच रीळ धरून ती इंच इंच सरकवली. दोनदा अडकली, दोनदा पूर्ण काढून पुन्हा सुरुवात केली. पाऊण तासाने टाकीचं झाकण लागलं. डेव्हलपर, पाणी, फिक्सर.

पस्तीस फोटो काढले होते, त्यातले एकोणीस वाचले. बाकीच्यांवर डाग, मिठाचे चट्टे, मध्येच काळा पट्टा. जाळं शिवणारे काका आले. टोपली धुणाऱ्या मावशी आल्या. धुक्यातल्या सहापैकी एक आला, कोपऱ्यात बारीक ठिपके सोडले तर स्वच्छ.

संध्याकाळी नितीनला सगळं सांगितलं. धुकं, पंखा, भोंगा, मावशी पाण्यात, मी दोर धरून. पुढच्या आठवड्यात हीच गोष्ट मी आणखी चौघांना सांगितली आणि दर वेळी ती जरा नेटकी होत गेली. "धुक्यात अडकलो," असं मी म्हणायचे. मी थांबायला सांगितलं होतं, हे एकदाही म्हणाले नाही.

पुढच्या शनिवारी प्रिंट्स घेऊन मोऱ्याला गेले. होडी सोमवारीच गेली होती. काकांच्या हाताला पट्टी होती. त्यांनी एकेक फोटो दूर धरून पाहिला आणि जाळं शिवतानाचा स्वतःचा फोटो बाजूला काढून ठेवला. मग उठून बाहेर गेले. मावशींच्या हातात धुक्यातला फोटो आला. त्या बराच वेळ बघत होत्या.

"मावशी, मी थांबायला सांगितलं नसतं तर…"

"तू सांगितलास, आमी हो बोललो," त्या म्हणाल्या. "शेवटची खेप होती. त्यांना पन घरी याचं नव्हतं." त्यांनी फोटो माझ्याकडे वळवला. "पन परत कोनाच्या होडीत बसशील ना, तर धुका दिसला की आदी बोल. फोटू मंग काड."

"हो."

त्यांनी तो फोटो माझ्या हातात परत दिला. "ह्यो तू ठेव. आमाला त्यो दिस पाठ हाय."

घरी आले. नितीन चहा करत होता. मी बॅग खाली ठेवली आणि ओट्यापाशी उभी राहून त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, या वेळी ती पाच मिनिटं धरून, फ्लॅश धरून. त्याने गॅस बंद केला. मग फोटो मागितला. मी दिला. मावशी नाळेवर उभ्या, हातात दोराचा वेढा, मागे जग नाहीसं होत चाललेलं.

"चांगला आलाय," तो म्हणाला, जरा अपराधी आवाजात.

"हो," मी म्हणाले. "फारच चांगला आलाय."

आणि आम्ही दोघं त्या फोटोकडे बघत उभे राहिलो.